फोरममधली पांढरी फळी

गेल्या बुधवारी आमच्याकडे आठवडी बाजार होता, म्हणजे कोर्टातही गर्दी. लोक बाजार आणि तारीख एकाच खेपेत उरकतात. बाराच्या सुमारास एक मावशी माझ्या टेबलाशी आल्या. काखेत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागदांची चळत, तिला बांधलेली नाडी पार विटलेली. बांधाचा दावा होता आणि त्यांच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा झाला होता. का, तर गावातल्या एकाने तारीख १४ सांगितली आणि ती होती ४. मावशी १४ ला पहाटेच्या एसटीने आल्या, दिवसभर व्हरांड्यात बसून राहिल्या. संध्याकाळी कुणीतरी चौकशी केली तेव्हा कळलं, काम दहा दिवसांपूर्वीच होऊन गेलं.

"ताई, मी आले होते हो." एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

हुकूमनामा रद्द करून घ्यायचा अर्ज मी तयार केला, तो दाखल होईल, पुढचं पुढे. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. मी २२ वर्षं तालुक्याच्या कोर्टात दिवाणी कामं करते. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्या रात्री मी कपाटातून रोमन कायद्याची जुनी टिपणं काढून वाचत बसले. विषय लांबचा वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा.

कॉलेजात ज्युरिस्प्रुडन्सच्या तासाला आम्हाला रोमबद्दल एवढंच शिकवलं होतं: आधी कायदा अलिखित होता, इ.स.पू. ४५१-४५० मध्ये तो बारा फळ्यांवर लिहिला गेला, ट्वेल्व्ह टेबल्स, आणि सामान्य माणसाला न्याय मिळाला. परीक्षेत मीही हेच लिहिलं. आज मला त्या उत्तराचा शेवट पटत नाही. कायदा लिहून झाल्यावरही कोर्टाचं काम कोणत्या दिवशी चालतं आणि कोणत्या दिवशी नाही, हे रोमच्या साध्या माणसाला पुढची जवळजवळ दीडशे वर्षं दुसऱ्याला विचारावं लागत होतं. ते उघड करायला एक कारकून यावा लागला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वात मोठा माणूस तो. पण त्याच्याकडे जायचं तर आधी कर्जाकडे जावं लागेल, कारण भांडण तिथून सुरू झालं.

इ.स.पू. ४९५. रोमच्या फोरममध्ये, म्हणजे भर चौकात, एक म्हातारा धावत आला. कपडे मळून फाटलेले, केस-दाढी वाढलेली, अंगावर मांस नाही. लोकांनी ओळखलं, हा तर आपल्या सैन्यातला जुना अधिकारी! छातीवर लढाईतल्या जखमांचे व्रण होते. त्याने आपली हकीकत सांगितली. तो सॅबाइन लोकांशी लढायला गेला होता आणि इकडे शत्रूने त्याचं पीक नेलं, घर जाळलं, गुरं हाकून नेली. त्यातच कर भरायची वेळ आली. कर्ज काढलं. व्याज चढलं. आधी आजोबा-वडिलांची जमीन गेली, मग बाकीचं किडूकमिडूक, आणि शेवटी क्षयासारखं ते दुखणं शरीरापर्यंत आलं. सावकाराने त्याला धरून नेलं आणि कोंडून छळलं. मग त्याने पाठ फिरवली. पाठीवर चाबकाचे ताजे वळ होते.

लिव्ही हा इतिहासकार हे साडेचारशेहून जास्त वर्षांनी लिहीत होता. तेव्हा यात दंतकथेची भर आहे हे धरून चालायचं. पण युद्ध, नापिकी, कर, कर्ज, व्याज, जमीन, मग देह, ही जी साखळी त्याने लिहिली आहे तिची एकेक कडी मला ओळखीची वाटते.

देहापर्यंत कर्ज पोचायचं कसं? त्या व्यवहाराला नेक्सुम म्हणत. पाच साक्षीदार, तराजू धरणारा एक माणूस आणि तोलायला तांबं, एवढ्या सामग्रीत कर्जदार स्वतःलाच सावकाराशी बांधून घ्यायचा. फेड झाली नाही की तो सावकाराच्या घरी राबणार. नावाला रोमचा नागरिक, लढाईला हाक आली की जाणार, आणि एरवी साखळीत.

त्या वर्षी शत्रू चालून आला आणि सैन्यात नाव द्यायला कुणी तयार होईना. तेव्हा सर्व्हिलियस या कॉन्सुलने, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेल्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एकाने, जाहीर केलं की सैनिकाला बांधून ठेवता येणार नाही, तो छावणीत असेतोवर त्याची मालमत्ता विकता येणार नाही. लोक लढले, जिंकले. परत आल्यावर दुसरा कॉन्सुल आपियस क्लॉडियस पुन्हा कर्जदारांना सावकारांच्या ताब्यात देऊ लागला. पुढच्या वर्षी, इ.स.पू. ४९४ मध्ये, लोकांचा धीर सुटला. त्यांनी दगड उचलले नाहीत, घरं पेटवली नाहीत. ते सरळ शहर सोडून निघून गेले. आनियो नदीपलीकडे, रोमपासून तीन मैलांवर पवित्र टेकडी होती. तिथे जाऊन खंदक खणला, बांध घातला आणि शांत बसून राहिले.

त्यांची समजूत घालायला मेनेनियस अग्रिप्पा गेला आणि त्याने पोट आणि हातापायांची गोष्ट सांगितली: पोट आयतं खातं म्हणून हातापायांनी काम थांबवलं तर सगळं शरीरच खंगलं. ही गोष्ट जगभर पाठ्यपुस्तकांत गेली. मला तिचा राग येतो, आणि तो मी लपवणार नाही. ज्याच्या पाठीवर वळ आहेत त्याला तू हात आहेस, आम्ही पोट आहोत, असं सांगायचं! लोक त्या गोष्टीने परतले असं म्हणणं म्हणजे त्यांना खुळं ठरवणं आहे. ते परतले ते अट मान्य झाल्यावर. आपली माणसं आपण निवडणार, त्यांच्या अंगाला हात लावणारा जिवाला मुकेल, आणि प्लेबियन, म्हणजे खानदानी नसलेल्या, माणसाला कुणी अधिकारी ओढून नेत असेल तर ते मध्ये उभे राहतील. हे ट्रिब्यून. त्यांच्याबद्दलचा एक नियम मला फार आवडतो. ट्रिब्यूनच्या घराचं दार रात्रंदिवस उघडं असायचं, आणि त्याला एक रात्रही शहराबाहेर काढायची परवानगी नव्हती. माणूस कधीही धावत येऊ शकतो म्हणून. वकिली करणाऱ्याला हे वाचून पोटात कालवतं. रात्री नऊनंतर मी फोन बंद ठेवते.

ट्रिब्यून झाले, पण ते ज्या कायद्यासाठी भांडणार तो कायदा होता कुठे? रूढी पॅट्रिशियन, म्हणजे जुन्या खानदानी, घराण्यांच्या तोंडी, निवाडे त्यांच्याच कॉन्सुलचे. नियम काय आहे हेच ज्याच्याशी भांडण त्याने सांगायचं. इ.स.पू. ४६२ मध्ये तेरेंतिलियस हार्सा या ट्रिब्यूनने मागणी केली की कॉन्सुलच्या अधिकाराची मर्यादा लेखी ठरवा. त्यासाठी पुढे दहा वर्षं झगडा चालला. एवढी साधी मागणी, की आमच्यावर जे चालवता ते लिहून द्या. तिलाही दहा वर्षं!

शेवटी इ.स.पू. ४५१ मध्ये दहा जणांचं मंडळ नेमलं. दहाही पॅट्रिशियन. पण त्यांनी एक गोष्ट चांगली केली. दहा फळ्यांचा मसुदा फोरममध्ये मांडला आणि लोकांना सांगितलं, जा, वाचा, आपसांत बोला, कमीजास्त काय ते सुचवा. आपल्या भाषेत हरकती व सूचना मागवल्या. पुढच्या वर्षी आणखी दोन फळ्या झाल्या. मूळ फळ्या आज नाहीत, नंतरच्या लेखकांनी उद्धृत केलेले तुकडे आहेत. रोमचा प्रसिद्ध वकील सिसेरो म्हणतो, लहानपणी आम्ही त्या पाठ करायचो.

पहिलंच कलम असं आहे: कोर्टात बोलावलं तर जावं. न गेला तर साक्षीदार करावेत, मग धरावं. पुढे, आजारी किंवा म्हातारा असेल तर जनावर द्यावं, गादी घातलेली गाडी द्यायलाच हवी असं नाही. आणखी पुढे, दुपारपर्यंत एक पक्ष आला नाही तर जो हजर आहे त्याच्या बाजूने निकाल द्यावा. सूर्यास्ताला काम बंद. म्हणजे एकतर्फीही तिथूनच! मावशी रोममध्ये असत्या तर त्यांचं काम दुपारीच संपलं असतं.

आणि कर्जाचं कलम? ज्यांना वाटतं की कायदा लिहिला म्हणजे न्याय झाला, त्यांनी तिसरी फळी वाचावी. कर्ज कबूल असेल किंवा निकाल लागला असेल तर ३० दिवसांची मुदत. मग सावकाराने धरून कोर्टात आणावं. जामीन कुणी राहिला नाही तर घरी न्यावं, दोरीने किंवा १५ पौंडांच्या बेडीने बांधावं. कैद्याला घरचं खाणं येत नसेल तर रोज एक पौंड खपली द्यावी. खपली म्हणजे आपली खपलीच, तोच गहू. रोमन पौंड सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. असं ६० दिवस. त्यात लागोपाठ तीन बाजारांना त्याला चौकात आणून रक्कम पुकारायची, कुणी सोडवायला येतंय का बघायला. रोमचा बाजार दर आठव्या दिवशी भरायचा. तिसऱ्या बाजारीही कुणी आलं नाही तर मृत्यू, किंवा टायबर नदीपलीकडे नेऊन विक्री. सावकार अनेक असतील तर त्यांनी तुकडे करावेत, असंही लिहिलंय. कुणाचे तुकडे केल्याचं आपल्या ऐकण्या-वाचण्यात नाही, असं पुढच्या काळातल्या रोमनांनीच नोंदवून ठेवलंय, पण कलम होतं.

आठवडी बाजाराच्या दिवशी, भाजीच्या आणि गुरांच्या गर्दीत, बेडी घातलेला माणूस उभा केलाय आणि त्याच्या नावावरची रक्कम पुकारली जातेय. एवढं डोळ्यापुढे आणा.

तरीही मी म्हणते की लिहिलं ते बरं झालं. ३० हा आकडा आहे. २९ व्या दिवशी धरायला आलेल्याला कर्जदार म्हणू शकतो, आज नाही. १५ पौंड हाही आकडा आहे. वजन करता येतं. दुष्ट कायदा लिहिलेला असेल तर निदान बोट ठेवायला जागा मिळते, आणि बदला म्हणायलाही.

बोट ठेवायची वेळ लगेच आली. मंडळातला मुख्य माणूस दुसरा एक आपियस क्लॉडियस. व्हर्जिनिया नावाच्या एका सैनिकाच्या मुलीवर त्याची नजर गेली. त्याने आपल्या एका माणसाकरवी दावा लावला की ती जन्माने गुलाम आहे. न्यायाधीश स्वतःच. कायदा असा होता की अशा दाव्यात निकाल लागेपर्यंत माणसाला स्वतंत्र धरायचं. हा नियम याच मंडळाने लिहिलेला, आणि त्यानेच तो वाकवला. बाप छावणीतून धावत आला, काही उपयोग झाला नाही, आणि त्याने खाटकाच्या दुकानातली सुरी उचलून मुलीलाच मारलं. या कथेत बाप बोलतो, ठरलेला नवरा बोलतो, आपियस बोलतो. जिच्यावर सगळं चाललंय ती मुलगी लिव्हीच्या पानांत एक वाक्यही बोलत नाही. मी हे दरवेळी शोधते आणि दरवेळी मला अपमान वाटतो.

लोक पुन्हा शहर सोडून गेले. इ.स.पू. ४४९ मध्ये मंडळ गेलं, मंडळ असताना बंद असलेले ट्रिब्यून परत आले, अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध लोकांपुढे दाद मागायचा हक्क पक्का झाला. आपियसला धरल्यावर त्यानेही तोच हक्क मागितला. खटल्याआधीच तो तुरुंगात मेला.

पुढच्या फळ्यांत एक कलम होतं, पॅट्रिशियन आणि प्लेबियन यांच्यात लग्न नाही. कानुलेयस या ट्रिब्यूनने ते इ.स.पू. ४४५ मध्ये, पाच वर्षांत, उडवलं. बोट ठेवायला जागा होती म्हणूनच.

इथे एक गैरसमज काढते. प्लेबियन म्हणजे सगळे गरीब नव्हेत. त्यांच्यात गडगंज लोकही होते, त्यांना कर्जाची नाही तर कॉन्सुलपदाची पडली होती. लिसिनियस स्टोलो आणि सेक्स्टियस या दोन ट्रिब्यूननी वर्षानुवर्षं लढून इ.स.पू. ३६७ मध्ये तीन कायदे एकत्र करून घेतले. दिलेलं व्याज मुद्दलातून वजा करून उरलेलं तीन वर्षांत फेडायचं, सार्वजनिक जमीन कुणी ५०० युगेरापेक्षा, म्हणजे सुमारे ३१० एकरांपेक्षा, जास्त ठेवायची नाही, आणि दोन कॉन्सुलांपैकी एक प्लेबियन. गरिबांना पहिले दोन हवे होते, तिसऱ्याशी त्यांना विशेष घेणं नव्हतं. पुढारी म्हणाले, तिन्ही घ्या नाहीतर काहीच नाही. पुढच्याच वर्षी सेक्स्टियस कॉन्सुल झाला. आणि लिसिनियस स्टोलोला इ.स.पू. ३५७ मध्ये स्वतःच्याच कायद्याखाली १०,००० आसचा (आस हे रोमन चलन) दंड झाला. मुलाला कायद्याने वेगळं काढून त्याच्या नावावर ठेवलेली धरून लिसिनियसकडे १,००० युगेरा जमीन निघाली. १९६१ च्या आपल्या सीलिंग कायद्याची जुनी प्रकरणं ज्यांनी चाळली आहेत त्यांना ही युक्ती समजावून सांगायला नको.

आणि कर्जाचा देह? इ.स.पू. ३२६ मध्ये पुब्लिलियस नावाचा एक कोवळा मुलगा बापाच्या कर्जापायी सावकाराकडे बांधला गेला होता. सावकाराची वासना त्याने मानली नाही म्हणून त्याला फटके मारले. तो रस्त्यावर धावत आला आणि त्याने पाठ दाखवली. म्हाताऱ्याच्या पाठीपासून या पाठीपर्यंत १६९ वर्षं! त्या वर्षी कायदा झाला की कर्जाला मालमत्ता जबाबदार, शरीर नाही. प्लेबियनांना हे स्वातंत्र्याची दुसरी सुरुवात वाटलं, असं लिव्ही म्हणतो, आणि ते मला शंभर टक्के पटतं.

आता तारीख.

रोमच्या पंचांगात काही दिवस कोर्टाच्या कामाला चालणारे आणि काही न चालणारे. कोणता कुठला, हे पोंटिफ नावाच्या धर्माधिकाऱ्यांना ठाऊक, आणि ते सगळे पॅट्रिशियन. दावा मांडायची ठरलेली वाक्यंही त्यांच्याकडेच. त्यात शब्द चुकला की दावा गेला. एकाने शेजाऱ्यावर द्राक्षवेली तोडल्याचा दावा लावला आणि तो "वेली" म्हणाला. फळीवर शब्द होता "झाडं". हरला! फळी चौकात असूनही तुम्ही धर्माधिकाऱ्याच्या दारात उभे. दिवस सांगा हो, शब्द सांगा हो.

ग्नेयस फ्लाव्हियस हा गुलामीतून सुटलेल्या माणसाचा मुलगा. पेशाने लिपिक, दुसऱ्यांची दप्तरं लिहिणारा. इ.स.पू. ३०४ मध्ये तो एडाइल या, शहराची व्यवस्था बघणाऱ्या, पदासाठी उभा राहिला, तर लिपिक म्हणून त्याचं नावच घेईनात. त्याने हातातली लिहायची पाटी बाजूला ठेवली आणि शपथ घेतली की यापुढे लिहिणार नाही. निवडून आला. बड्या लोकांनी निषेध म्हणून सोन्याच्या अंगठ्या काढून ठेवल्या. आजारी सहकाऱ्याला भेटायला गेला तर तिथली खानदानी पोरं उठून उभी राहिली नाहीत. त्याने आपली मानाची खुर्ची तिथेच मागवली आणि तिच्यावर बसून त्यांच्याकडे बघत राहिला.

आणि त्याने दोन कामं केली. दाव्याची गुप्त वाक्यं प्रसिद्ध केली. आणि पांढऱ्या फळीवर कामाचे आणि बिनकामाचे दिवस लिहून ती फोरममध्ये लावली, म्हणजे दावा कधी चालतो हे कुणालाही येता-जाता दिसावं.

कोर्टाच्या दारावर रोज लागणाऱ्या यादीला आम्ही बोर्ड म्हणतो. "आज बोर्डावर कितवा नंबर?" हा आमच्याकडे दिवसाचा पहिला प्रश्न असतो. तो बोर्ड बघताना हल्ली मला हा लिपिक आठवतो.

बाबासाहेबांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ मध्ये लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात रोमच्या प्लेबियनांचं उदाहरण घेतलं आहे. हाती राजकीय हक्क असूनही धर्माची किल्ली पॅट्रिशियनांकडे राहिल्यामुळे ते कसे अडले, हे त्यांना दाखवायचं होतं. फ्लाव्हियसची फळी त्या किल्लीला लागलेला पहिला धक्का. चारच वर्षांनी, इ.स.पू. ३०० मध्ये, ओगुल्नियस बंधूंच्या कायद्याने ४ प्लेबियन पोंटिफ आणि ५ प्लेबियन शकुनज्ञ आले. इ.स.पू. २८७ मध्ये कर्जापायीच लोक तिसऱ्यांदा, जानिकुलुम टेकडीवर, जाऊन बसले आणि त्यांच्या सभेचे ठराव सगळ्यांवर बंधनकारक झाले. पुढे कोरुंकानियस हा प्लेबियन मुख्य पोंटिफ झाला आणि त्याने कायद्याचा सल्ला उघड्यावर, कुणालाही ऐकता येईल असा द्यायला सुरुवात केली.

आज तारीख मोबाइलवर दिसते हे मला माहीत आहे. ज्याला वाचता येतं, ज्याच्याकडे फोन आहे, ज्याला आपला केस नंबर ठाऊक आहे, त्याला दिसते. मावशींकडे यातलं एकही नाही. माझ्या वकील मित्रमैत्रिणींनो, पक्षकाराला तारीख तोंडी सांगून सोडू नका. मोठ्या अक्षरात, मराठीत, वारासकट लिहून द्या, आणि बरोबरच्या नातवाकडून मोठ्याने वाचून घ्या. मीही हे नेहमी केलेलं नाही. बुधवारपासून करतेय.

काल मावशी परत आल्या. घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं पुढच्या महिन्याचं पान फाडून घडी करून आणलं होतं. म्हणाल्या, "ताई, इथं गोल करा, म्हणजे मी भिंतीला लावते." लाल पेनाने गोल केला. त्यांच्या मागे शेजारच्या दोन बायका उभ्या होत्या, त्यांच्याही हातात आपापल्या कॅलेंडरची पानं होती.